वावरात आणि घरी लावायला वायरलेस ट्रेल कॅमेरा: कोणता घ्यावा?

संत्राबाग | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कोंढाळीजवळ आमचं साडेचार एकर वावर आहे. तीन एकरात संत्रा, उरलेल्यात तूर आणि कपाशी. बाबा तिथेच राहतात, मी नोकरीपायी नागपुरात मनीषनगरला. गेल्या दीड महिन्यात ठिबकच्या नळ्या चारदा कुरतडल्या गेल्या, आठ-दहा झाडांची बुंध्याजवळची साल सोललेली दिसली आणि विहिरीवरच्या मोटरपंपाची केबल एकदा कापून नेली. केबल नेणारा दोन पायांचा, एवढं नक्की. बाकीचं कोण करून राहिलं ते समजत नाही. जागल्या म्हणतो रानडुक्कर, शेजारचे काका म्हणतात रोही (नीलगाय), बाबा म्हणतात सायाळ.

ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून जनावर-माणूस गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावावा म्हणून ऑनलाइन पाहिलं तर डोकं चक्रावलं. ३६ मेगापिक्सेल, ४८ मेगापिक्सेल, वायफाय, ४जी, सोलर, नो ग्लो. बजेट पंधरा हजारांपर्यंत. शिवाय मनीषनगरच्या घराच्या गेटवर तसाच दुसरा लावला तर चालेल का? दोन्हीकडे एकच मॉडेल घेतलं तर थोडं स्वस्तात पडेल, असं एक दुकानदार म्हणाला. अनुभवी लोकांनी सांगावं.

मुंगळा | १२ नोव्हेंबर, रात्री ९:५२

बाबा म्हणतात सायाळ, म्हणजे सायाळच. पंधरा हजार वाचले. पुढचा प्रश्न?

रातकिडा | १२ नोव्हेंबर, रात्री ११:१५

‘वायरलेस’ या शब्दाला भुलू नका. वायफायवाल्या ट्रेल कॅमेऱ्याचं वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. कॅमेऱ्यापासून पंधरा-वीस मीटरवर उभं राहायचं, मोबाइल त्याला जोडायचा आणि फोटो उतरवून घ्यायचे, एवढंच. झाडावर चढून कार्ड काढायचे कष्ट वाचतात, पण मनीषनगरात बसून काही दिसायचं नाही. तुम्हाला हवा तो सिमवाला, ४जीचा. कोणी समोरून गेलं की तो फोटो काढतो आणि त्याची लहान प्रत मोबाइलवर पाठवतो. मूळ मोठा फोटो कार्डातच राहतो. चोराने कॅमेराच उपटून नेला तर मूळ फोटो गेला, पण चोराचं तोंड तोवर तुमच्या मोबाइलवर पोचलेलं असतं. केबलचोरासाठी हेच कामाचं.

मेगापिक्सेलचा आकडा तर वाचूच नका. आतला सेन्सर बहुतेक वेळा चार-आठ मेगापिक्सेलचाच असतो, बाकीचे सॉफ्टवेअर फुगवतं. सावजीच्या रश्श्यात पाणी घातलं तर वाटी भरते, तिखट वाढत नाही. विचारायचं हे की ट्रिगरला, म्हणजे हालचाल कळल्यापासून फोटो निघेपर्यंत, किती वेळ लागतो (अर्ध्या सेकंदाच्या आत हवा), दोन फोटोंमध्ये किती थांबतो, आणि रात्रीचा फ्लॅश किती मीटरपर्यंत पोचतो.

तर्रीपोहे | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

रश्श्याची उपमा आवडली. सकाळी सकाळी भूक लागली.

बर्डीवाला_इलेक्ट्रॉनिक्स | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

रातकिडा भाऊ बरोबर. पण ४जी घेताना बँड, म्हणजे मोबाइल कंपनीचे सिग्नल ज्या लहरींच्या पट्ट्यांवर चालतात ते, पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्याकडे जिओचं ४जी ३, ५ आणि ४० या बँडवर चालतं, एअरटेलचं १, ३, ८ आणि ४० वर. अमेरिकेसाठी बनवलेले कॅमेरे २, ४, १२, १३ असल्या बँडचे असतात. काही तर त्यांच्याच कंपनीच्या सिमला बांधलेले. कुणाचा भाचा ‘यूएसहून मस्त कॅमेरा आणला’ म्हणून घेऊन येतो आणि मग माझ्यापाशी येऊन म्हणतो, काका सिग्नलच येत नाही. कसा येईल? जुने २जी-३जीचे मॉडेल अजून स्वस्तात मिळतात, त्यात जिओचं सिम टाकायचा प्रश्नच नाही, कारण जिओचं २जी-३जी नाहीच.

आणखी एक. जिथे लावायचा तिथे, त्याच उंचीवर, त्याच कंपनीचं सिम टाकलेला मोबाइल गुडघ्याजवळ धरून फोटो पाठवून पाहा. घराच्या माडीवर रेंज येते म्हणून विहिरीच्या खोलगटीत येईल असं नाही. सिमचा पिन लॉक आधी काढा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पगमार्क | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

वनविभागात बत्तीस वर्षं काढून घरी बसलो आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

कोंढाळीचा पट्टा बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जवळचा. कॅमेरा तुमच्या सातबाऱ्यातल्या जमिनीवर लावा, खुशाल. पण धुऱ्यापलीकडे वनजमीन असेल तर तिथल्या झाडाला परवानगीशिवाय बांधायचा नाही, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. जनावर यावं म्हणून मांस, मीठ, गूळ काहीही समोर टाकायचं नाही. तुम्ही सायाळीसाठी टाकाल आणि त्यावर येईल अस्वल.

वाघ-बिबट दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा थेट वनरक्षकाला कळवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ठिकाणासकट फोटो टाकू नका. सकाळपर्यंत पन्नास मोटारसायकली वावरात उभ्या राहतात, तूर तुडवतात आणि जनावर बिथरतं. नुकसान कुणाचं झालं मग?

पिकाच्या नुकसानभरपाईला पंचनामा लागतोच, नुसत्या फोटोवर पैसे मिळत नाहीत. पण कोणत्या जनावराने केलं हा वाद पंचनाम्याच्या वेळी होतो, तेव्हा तारीख-वेळेचा फोटो हाताशी असलेला बरा. म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ पहिल्या दिवशीच नीट लावा. मी असे शेकडो फोटो पाहिलेत ज्यांत २०१५ सालची १ जानेवारी आहे आणि मागे भर पावसातलं धान.

कान्हाचीमावशी | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०२

पगमार्क काका, तुमच्या काळात वाघ ठशांवरून मोजायचे ना? मग हे कॅमेरे कधी आले?

पगमार्क | १३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

ताई, ठशांवर प्लास्टर ओतून साचे घ्यायचो. राजस्थानातल्या सरिस्कात वाघच उरले नाहीत हे २००५ मध्ये उघड झालं, मग ती पद्धत मागे पडली आणि २००६ च्या गणनेपासून कॅमेऱ्यांची नवी आली. कॅमेरे त्याआधीही होते, वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत नव्वदच्या दशकातच त्यांवर काम केलं होतं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतो, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीकडे नसतात. एकच बाजू मिळाली तर एका वाघाचे दोन होतात.

२०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते. फोटो आले तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांच्या वर, त्यांत वाघांचे ७६,६५१. गिनीज बुकात नोंद झाली आहे. तेवढे फोटो डोळ्यांनी चाळायचे असते तर माझी अजून एक नोकरी त्यातच गेली असती.

मंजिरी_धरमपेठ | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

तांत्रिक बाजू छान चालली आहे, पण एक विचारते. विहिरीवर कॅमेरा लावणार म्हणता. निंदायला येणाऱ्या बाया तिथेच हातपाय धुतात, धुऱ्याआड जातात. त्यांना सांगणार आहात का? आमच्या इमारतीत समोरच्यांनी ‘सुरक्षेसाठी’ कॅमेरा लावला, तो बरोबर आमच्या दारात बघतो. मी दार उघडलं की त्यांच्या मोबाइलवर घंटी वाजते. सहा महिने भांडतेय.

वाघोबा_७७ | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:००

आपली जमीन, आपला कॅमेरा. इतका विचार केला तर चोर ट्रान्सफॉर्मर घेऊन जाईल.

मंजिरी_धरमपेठ | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:१४

जमीन तुमची, बाई तुमची नाही.

वाघोबा_७७ | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:३१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संत्राबाग | १४ नोव्हेंबर, रात्री ९:०५

मंजिरीताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. बाबांशी बोललो. विहिरीकडचा कॅमेरा फक्त स्टार्टरच्या पेटीवर रोखतो, आणि मजुरीला येणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवतो. जागल्यालाही, नाहीतर तोच पहिला फोटोत यायचा, झोपलेला.

बर्डीवाले दादा, बँडचं लिहून घेतलं. त्या दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘बँड-बिंड काही नसते, इंडियन मॉडेल आहे.’ तिथून निघालो.

गोरेवाडाकर | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

घराच्या गेटला ट्रेल कॅमेरा? काऊन बाप्पा? घरी वीज आहे, वायफाय आहे. ट्रेल कॅमेरा झोपलेला असतो, समोरून गरम काही हललं की जागा होतो. सलग रेकॉर्डिंग करत नाही. घराला साधा विजेवरचा वायफाय कॅमेरा घ्या, दोन-तीन हजारात येतो, पलीकडच्याशी बोलताही येतं. फक्त राउटरला छोटा यूपीएस लावा. चोर आणि लाइट एकाच वेळी जातात, हा आमच्या भागातला अनुभव.

आणि खिडकीच्या काचेआडून लावायची आयडिया असेल तर सोडून द्या. तो हलणारी उष्णता टिपणारा पीआयआर सेन्सर काचेतून पाहू शकत नाही, आणि रात्रीच्या फ्लॅशचा इन्फ्रारेड प्रकाश काचेवर आपटून स्वतःलाच आंधळा करतो. मी दोन रात्री स्वतःच्या पडद्याचा पांढरा फोटो पाहिला.

मुंगळा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

बिबट्या आला तर दोन्ही चालतील. २०२१ साली गायत्रीनगर-आयटी पार्ककडे आला होता तेव्हा लोकांच्या घरच्या कॅमेऱ्यांवरच शोध चालला होता. त्याआधी २०१९ मध्ये मिहानात वाघ. नागपूरकरांना सफारीला पैसे भरायची गरजच काय म्हणतो मी.

कान्हाचीमावशी | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

आमचे हे त्या दिवसांत रोज ऑफिसातून लवकर यायचे. बिबट्या गेला तशी सवयही गेली.

रातकिडा | १५ नोव्हेंबर, रात्री १०:५०

फ्लॅशचं राहिलं होतं. ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लांब पोचतो, पण अंधारात कॅमेऱ्याकडे पाहिलं तर लालसर ठिपका दिसतो. ९४० वाला, म्हणजे ज्याला ‘नो ग्लो’ म्हणतात तो, डोळ्यांना दिसत नाही, पण पल्ला कमी आणि फोटो जरा दाणेदार. बागेत जनावर पाहायला ८५० चालेल. चोरासाठी ९४०. केबलचोराला लाल ठिपका दिसला की केबलसोबत कॅमेराही जातो.

लावायचा कसा: वाटेकडे तोंड करून सरळ नको, तिरपा. समोरून चालत येणारं जनावर सेन्सरला उशिरा कळतं, आडवं जाणारं लगेच. तोंड शक्यतो उत्तरेकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सूर्य डोळ्यात जात नाही. रोही-डुकरासाठी कमरेच्या खाली, सायाळीसाठी गुडघ्याच्याही खाली. तीन-चार मीटरच्या आतलं गवत आणि डहाळ्या कापा. हे कापायचं कुणी ऐकत नाही.

सेल मात्र चांगले घ्या. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल टाकले तर पहिल्याच रात्री फ्लॅश मंद पडतो. शक्य असेल तर लिथियम, नाहीतर अल्कलाइन.

संत्राबाग | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. कॅमेरा घेतला. ४जी, ९४० वाला, बँड ३-५-४० लिहून घेतलेला, सोबत छोटं सोलर पॅनेल. कार्डासकट तेरा हजार आठशे पडले. घरी गोरेवाडाकरांचा सल्ला ऐकून साधा वायफाय कॅमेरा लावला, त्याची काही तक्रार नाही. त्यात रोज सकाळी दूधवाला हात हलवतो.

वावरातला तीन दिवस ठेवला. मोबाइलवर २,३१४ फोटो. त्यातले २,२९० तुरीच्या डहाळीचे. वीस बाबांचे, कॅमेरा चालू आहे का म्हणून डोळा लावून पाहताना. तीन शेजारच्या बैलाचे. एक काळं काहीतरी. डेटा पॅक संपला.

रातकिडा | ९ डिसेंबर, रात्री १०:२६

डहाळ्या कापा म्हटलं होतं.

पगमार्क | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

साडेतीन कोटी फोटोंत वाघ पाऊण लाख होते. तुम्ही तीन दिवसांत रडू नका. सेन्सरची संवेदनशीलता ‘मध्यम’वर आणा आणि ते एक काळं काहीतरी इथे टाका पाहू.

बर्डीवाला_इलेक्ट्रॉनिक्स | १० डिसेंबर, सकाळी १०:१५

सगळे फोटो पाठवायची गरज नाही. सेटिंगमध्ये ‘दिवसातून एकदा’ किंवा रोजची मर्यादा असते, ती लावा. चोरासाठी रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत लगेच पाठव, बाकी कार्डात राहू दे, असं काही मॉडेलमध्ये करता येतं.

विदर्भकन्या | १० डिसेंबर, दुपारी २:३०

आमच्या पारशिवनीच्या वावरातला अनुभव. सोलर पॅनेल काळ्या तोंडाच्या वानरांनी दुसऱ्याच दिवशी उपटलं. ते पॅनेल आरशासारखं धरून एक जण बसला होता, कॅमेऱ्यात आहे. नंतर पॅनेल उंच खांबावर काट्याची बाभूळ बांधून लावलं. पावसाळ्यात आणखी एक: आत मुंग्या घर करतात आणि लेन्सपुढे कोळी जाळं विणतो. रात्रीच्या फोटोत ते जाळं इन्फ्रारेडमध्ये असं चमकतं की वाटतं भूतच उभं आहे. माझ्या दिराने एकदा खरंच नारळ फोडला.

आत सिलिका जेलची पुडी ठेवा, बुटांच्या खोक्यात येते ती. झाकणाचा रबर कोरडा पुसून बंद करा.

तर्रीपोहे | १० डिसेंबर, दुपारी २:४५

वानराचा फोटो टाका ताई, सगळं सोडून वाचून राहिलो.

संत्राबाग | २ फेब्रुवारी, रात्री ९:१५

पुन्हा धागा वर. डहाळ्या कापल्या, कॅमेरा गुडघ्याखाली आणला, ज्या झाडांची साल गेली त्या रांगेत तिरपा लावला. पंधरा दिवस काहीच नाही. मग २३ जानेवारीला पहाटे २:४०. सायाळ. एक मोठी, मागे दुसरी. बुंध्याशी तोंड, काटे उभे. पुढच्या चार रात्रींत तीनदा. नळ्याही तीच कुरतडते, एका फोटोत नळीवर पाय ठेवून उभी आहे.

बाबांना मोबाइल दाखवला. ते म्हणाले, ‘मी काट्यावरून सांगितलं होतं ना, दिवाळीत.’ आणि माडीवरून एक डबा काढला. त्यात बागेत सापडलेले सात-आठ काटे होते. दिवाळीपासून ठेवले होते. मी विचारलं तेव्हा का नाही दाखवले? तर म्हणे, ‘तुला कॅमेरा घ्यायचा होता.’

मुंगळा | २ फेब्रुवारी, रात्री ९:१८

१२ नोव्हेंबर, रात्री ९:५२. एवढंच बोलतो.

पगमार्क | २ फेब्रुवारी, रात्री ९:५०

बाबांना माझा नमस्कार सांगा. फासे, पिंजरे काही लावू नका, सायाळ कायद्याने संरक्षित आहे. बुंध्याभोवती दोन फूट उंच तारेची जाळी गुंडाळा, खाली मातीत वीतभर दाबून. सोललेल्या सालीवर बुरशी लागू नये म्हणून बोर्डो मलम लावलाच असेल.

संत्राबाग | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

मलम बाबांनी नोव्हेंबरातच लावला. जाळी वीस झाडांना लावून झाली, बाकीची पुढच्या रविवारी.

केबलचोर अजून सापडला नाही. केबल पाइपातून जमिनीखाली घेतली, खर्च कॅमेऱ्याहून कमी आला.

गोरेवाडाकर | १९ मे, दुपारी ३:३०

यावरच एक शंका. माझ्या हिंगण्याच्या प्लॉटवरचा ट्रेल कॅमेरा एप्रिलपासून दिवसा काहीच पकडत नाही. कुत्रे, गुरं, माणूस, कोणीच नाही. रात्री मात्र ठीक. बिघडला का?

रातकिडा | १९ मे, सायंकाळी ७:१०

बिघडला नाही, नागपुरात आहे. पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता पाहत नाही, अंग आणि मागची पार्श्वभूमी यांच्यातला फरक पाहतो. मागे तापलेली भिंत किंवा टिनाचा शेड असेल आणि हवा ४५ अंश, तर कुत्र्याचं अंग आणि भिंत त्याला सारखीच. रात्री भिंत निवते, मग तो जागा होतो. कॅमेरा सावलीत हलवा, मागे टिन नको, संवेदनशीलता ‘हाय’वर घ्या. तरी मे महिन्यात दुपारी चुकणारच. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ गेलं होतं.

तर्रीपोहे | १९ मे, सायंकाळी ७:२५

२०२४ च्या मेअखेरीस रामदासपेठेत ५६ दाखवलं होतं. नंतर कळलं सेन्सरच बिघडला होता. म्हणजे बिघडतातही.

विदर्भकन्या | १९ मे, रात्री ८:००

आमच्या वानरांना सेन्सर लागत नाही, त्यांना पॅनेल बरोबर सापडतं. संत्राबाग, सायाळीचा फोटो अजून टाकलाच नाहीत.

संत्राबाग | १९ मे, रात्री ९:३०

टाकतो ताई, पण त्यात फक्त मागची बाजू दिसते, काटे आणि शेपटी. एकच फोटो तोंड दिसणारा आहे, तो बाबांनी त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर लावलाय. भेटेल त्याला आधी तो दाखवतात, मग डबा.